तपासणीच्या वहीत आबांची सही नव्हती



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या पोरापोरींनी समुद्राकाठच्या एका पार्कात सहल काढली. मलाही ओढून नेलं. सगळे बोटीत बसले. ती मोठी, मागेपुढे झोके घेणारी बोट, जिला आपल्याकडे जत्रेत कोलंबस म्हणतात. मी बसलो नाही. खाली उभा राहून बोट ज्या लोखंडी हातांवर लटकते त्यांच्याकडे बघत राहिलो. एक मुलगी उतरल्यावर म्हणाली, "दादा, मोर्चात पोलिसांसमोर उभे राहता आणि पाळण्याला घाबरता?" सगळे हसले. मीही हसलो. पण तिला उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर. त्यात एक कबुली आहे, जी मी आजवर कुठल्याही सभेत, कुठल्याही लेखात दिलेली नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमचं घर मराठवाड्यातून मुंबईला आलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बारा वर्षांचे होते. मोठे झाल्यावर त्यांना गोदीत काम मिळालं ते चिपिंग-पेंटिंगचं. जहाजाच्या अंगाला दोरावर फळी लटकवायची, तिच्यावर बसायचं, चिपिंगच्या हातोडीनं गंजाचे पापुद्रे पाडायचे, तारेच्या ब्रशनं घासायचं आणि रेड ऑक्साइड मारायचा. शाळेत चौथीपुढे न गेलेले आबा गंजाचे मात्र पदवीधर होते. पुढे गोदीतलं काम आटलं. नव्वदच्या दशकात एका ठेकेदारानं आमच्या वस्तीतली काही माणसं उचलली आणि समुद्राकाठच्या एका पार्कात नेली. त्या पार्कचं नाव मी लिहिणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

समुद्राकाठी लोखंड सांभाळणं म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. खारं वारं पाळण्यावर मिठाचा बारीक थर बसवतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं. रंगाला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी पाणी आत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो. आबा त्याला 'फोड' म्हणायचे. वरून चकचकीत दिसणारा फोड नखानं दाबला की आत भुगा. बोल्टच्या टोपीखाली, दोन पट्ट्यांच्या सांध्यात, वेल्डिंगच्या कडेला, म्हणजे जिथं पाणी साचतं आणि वारा लागत नाही तिथं गंज आधी धरतो. चौकोनी पोकळ खांब सगळ्यांत फसवे. त्यांच्या तळाला पाणी निघून जायला भोक ठेवलेलं असतं. ते रंगानं आणि मातीनं बुजलं, की खांब पाण्याच्या डब्यासारखा आतून कुजत जातो आणि बाहेरून नवा दिसतो. आबा खिशात तारेचा तुकडा ठेवायचे. जाता-येता ती भोकं मोकळी करायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा रोज मिळत नव्हता.

आता त्या पार्कात कोण कुठं काम करायचं, ते बघा. तिकिटाच्या खिडकीवर, बटणाच्या केबिनमध्ये, ऑफिसात एक प्रकारची माणसं होती. मशीनखालच्या खड्ड्यात उतरून ग्रीस मारणारे, गंज खरवडणारे, गटार आणि संडास साफ करणारे दुसऱ्या प्रकारची. आम्हाला कुणीही कधी जात विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. ठेकेदाराला ठाऊक होतं खरवडायला माणसं कुठल्या वस्तीतून आणायची आणि केबिनसाठी कुठून.

हे काही नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला होता, पण तिथं अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण तुटलेला धागा तोंडानं ओला करून जोडावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे त्यांनी पुढे १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त सिद्ध केलं. आपण हे सभांतून नेहमी सांगतो. पण या उतरंडीनं पाळण्याचं लोखंड कसं तुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९९८ ची दिवाळी. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेची फी भरायची होती म्हणून सुट्टीत आबांबरोबर कामाला जात होतो. पिशवीत डबा आणि डब्याखाली बाबासाहेबांचं पुस्तक. दुपारच्या जेवणात मी ते सगळ्यांना दिसेल असं उघडून बसायचो.

बोट जुनी होती. मालकानं ती दुसऱ्या कुठल्या तरी पार्कातून घेतलेली. आबा वर चढून तिच्या एका हाताचा जोड खरवडत होते. त्यांनी मला वर बोलावलं. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ होती. तिच्यातून तपकिरी पाण्याचा ओघळ खाली आलेला.

"बघ," आबा म्हणाले, "लोखंड रडायलंय."

मला काही कळलं नाही. त्यांनी समजावलं. नुसता गंज वरून येतो आणि पसरतो. पण रेघेतून ओघळ आला, तर समजायचं की भेग आहे. पाणी आत जातंय आणि गंज घेऊन बाहेर येतंय. तार एकदा इकडं, एकदा तिकडं वाकवत राहिली की जशी तुटते, तसं या हाताचं होतं. बोट दर झोक्याला त्याला इकडून तिकडं ताणते. त्यात खारं पाणी भेगेत शिरलं की भेग थांबत नाही.

आबांनी सुपरवायझरला हाक मारली. साहेब खालूनच म्हणाले, "काय आहे?" आबांनी सांगितलं. गोदीत त्यांनी डायची तपासणी पाहिलेली होती. रंग काढून जागा स्वच्छ करायची, लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आबा म्हणाले, "साहेब, डाय मारून बघा. तोवर बोट बंद ठेवा."

साहेब म्हणाले, "दिवाळीचा सीझन आहे. तू इंजिनियर आहेस का? रंग मार आणि खाली ये."

आबा खाली आले, पण रंग न मारता. "रंग मी मारणार न्हाई, साहेब. रंगानं गंज जात नसतोय, झाकतोय." त्यांना त्याच दुपारी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मग साहेब माझ्याकडे आले. आवाज मऊ केला. "तुझे वडील जुन्या वळणाचे आहेत. तू शिकलेला आहेस. ते एवढंसं काम संपव. दुप्पट रोज देतो."

मित्रांनो, तो रंग मी मारला.

आधी रेड ऑक्साइडचा हात. वाळल्यावर वरून पिवळ्याचे दोन हात. ओघळ पुसला, रेघ बुजली. खाली उतरून पाहिलं तर जोड नव्यासारखा दिसत होता. मला फी मिळाली. खरं सांगायचं तर नुसता फीचा प्रश्न नव्हता. 'तू शिकलेला आहेस' हे शब्द मला गोड लागले. चौथी शिकलेल्या बापापेक्षा पँटशर्टातल्या साहेबाला जास्त कळतं, असं मला आतून वाटत होतं. हातात बाबासाहेबांचं पुस्तक होतं आणि डोक्यात उतरंड जशीच्या तशी होती.

अकरा दिवसांनी सकाळी, फाटक उघडण्याआधी, बोटीची रिकामी फेरी चालू होती. तो जोड उघडला. एका बाजूनं बोट खाली आली आणि फलाटावर आदळली. फलाटाजवळ माझे मामा, मायचे धाकटे भाऊ, झाडू मारत होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. दोन तास उशीर झाला असता तर बोटीत चाळीसेक माणसं असती, बरीचशी पोरं. पेपरात ओळसुद्धा आली नाही, कारण प्रेक्षकांपैकी कुणाला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी आबा मला घेऊन पार्कात गेले. तुटलेला तुकडा जमिनीवर पडला होता. भेगेचा पोटातला भाग काळपट-तपकिरी, म्हणजे जुना. उरलेला भाग चकचकीत, म्हणजे त्या सकाळी तुटलेला. जुना भाग अर्ध्याहून जास्त होता. आणि वर माझा पिवळा रंग. आबांनी तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात चांगला बसलाय तुझा." त्यानंतर मरेपर्यंत ते या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत.

पार्कात रोजच्या तपासणीची वही होती. पुढे भरपाईच्या दाव्यात ती आमच्यासमोर आली. तारीख, पाळण्याचं नाव, शेरा, सही. त्या अकराही दिवसांपुढे एकच शेरा होता: 'बोट – ओके'. सही अशा माणसाची, जो त्या जोडापर्यंत कधी चढला नव्हता. ज्यानं भेग पाहिली, हात लावला, नोकरी गमावली, त्याच्या सहीसाठी वहीत रकानाच नव्हता. आणि ज्यानं भेग झाकली त्याचीही सही कुठं नव्हती. नाही तर मी हा लेख इतक्या वर्षांनी लिहिला नसता.

मामांचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर नव्हतं. मस्टरवर बरोबर एकोणीस नावं होती. का एकोणीस? कारण १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू व्हायचा. (पुढे महाराष्ट्रानं ही मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली. म्हणजे आता एकोणपन्नास नावं लिहायची सोय झाली.) पार्क म्हणालं, हा आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणाला, माझ्याही यादीत नाही. पण १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १२ तेव्हा सांगत होतं की, मालकानं आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी अपघाताची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. हे कलम आम्हाला एका कामगार वकिलानं दाखवलं. साडेतीन वर्षांनी आदेश झाला. पैसे आले, पाय आला नाही. मी चळवळीत आलो तो या दाव्याच्या तारखांना जाता-जाता. भाषणात मी नेहमी मामांच्या पायापासून सुरुवात करतो. रंगाच्या डब्यापर्यंत मात्र कधी पोचलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. 'जुने पाळणे भंगारात काढा' हे उत्तर मला पटत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला अगदी समुद्राला लागून 'वंडर व्हील' नावाचा आकाशपाळणा आहे. १५० फूट उंच, १९२० पासून फिरतोय. त्याच किनाऱ्यावर 'सायक्लोन' ही झुकझुक उतरणारी गाडी आहे. पोलादी सांगाडा, वर लाकडी रूळ, १९२७ सालची. तिथंही खारं वारं आहे आणि वर बर्फ. तरी शंभर वर्षांचं लोखंड उभं आहे, कारण हिवाळ्यात पार्क बंद असतं तेव्हा देखभालीची कामं चालतात. लोखंड वयानं मरत नाही, दुर्लक्षानं मरतं.

उलट उदाहरण घ्या. २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतल्याच ओहायो राज्याच्या जत्रेत 'फायर बॉल' नावाचा पाळणा फिरता फिरता तुटला. अठरा वर्षांचा एक मुलगा गेला, बरेच जण जखमी झाले. पाळणा साधारण अठराच वर्षांचा होता. सरकारी तपासणीत तो पास झालेला होता. पुढे बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलं की आधाराचा दांडा आतून गंजून वर्षानुवर्षं पातळ होत गेला होता. बाहेरून दिसत नव्हतं. आबांचा तोच पाण्याचा डबा! आपल्याकडे १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झुलणारा पाळणा मोडून दोघांचा जीव गेला. अशा प्रत्येक अपघातानंतर बातमीत 'तांत्रिक बिघाड' हे दोन शब्द येतात. तंत्राच्या आधी कुणाचं तरी ऐकलं गेलं नव्हतं का, हा प्रश्न येत नाही.

इथं कुणी म्हणेल, "म्हणजे इंजिनियर नको, अंगठाबहाद्दर खरवडणाऱ्याचं ऐका, असं तुमचं म्हणणं आहे का? आपण तर विज्ञानवादी." नाही. ओहायोचा दांडा आबांनाही नुसत्या डोळ्यानं दिसला नसता. तिथं ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्रच हवं. पण पार्कातल्या हजारो जोडांपैकी यंत्र कुठं लावायचं? ते सांगतो रोज त्या लोखंडाला भिडणारा माणूस. हातोडी मारल्यावर 'टण्ण' वाजतं की 'ढब', हे त्याला कळतं. जागा तो दाखवतो, खोली यंत्र सांगतं. विज्ञान या दोघांच्या बोलण्यातून उभं राहतं. आणि जात नेमकं तेच बोलणं तोडते. साहेब वर चढत नाही, कारण ते त्याचं काम नाही. वर चढणारा बोलला, तर 'तू इंजिनियर आहेस का?' म्हणजे ज्ञान एका मजल्यावर, अधिकार दुसऱ्या मजल्यावर आणि मध्ये जिनाच नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांना पार्कच्या फाटकातून आत जाण्यासाठीही लढावं लागलं. बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कवर अनेक वर्षं निदर्शनं झाली. १९६३ च्या जुलैत शेकडो माणसं अटक झाली. अखेर २८ ऑगस्ट १९६३ ला, ज्या दिवशी वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघाला त्याच दिवशी, ते पार्क सर्वांना खुलं झालं. आपल्याला तिकीट काढून आत जायला कुणी अडवत नाही. अडवलं जातं ते आतल्या वहीपाशी. आत शिरण्याच्या हक्काइतकाच, आत आपलं ऐकलं जाण्याचा हक्क मोठा आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. पदावर आल्यावर लगेच, ऑगस्ट १९४२ मध्ये, त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशी तिघांची परिषद भरली. कामगाराला टेबलाशी खुर्ची, हा त्यामागचा विचार. आपल्याला तोच विचार पाळण्याच्या तपासणी-वहीपर्यंत न्यायचा आहे.

म्हणून ठेकेदारीत, देखभालीत, रंगकामात असलेल्या आपल्या तरुणांना आणि त्यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं साधं आहे. तपासणीच्या वहीत खरवडणाऱ्या, ग्रीस मारणाऱ्या माणसाच्या नावाचा आणि निरीक्षणाचा रकाना मागा. भेग किंवा संशयित जागा दिसली, तर तारीख घालून दोन ओळी लिहून द्या, पोच घ्या. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तपासणी होईपर्यंत तिथं रंग मारायला नकार द्या, आणि एकट्यानं नको, सगळ्यांनी मिळून द्या. आबा एकटे पडले, कारण त्यांच्या नकारानंतर ब्रश उचलायला घरातलाच एक हात तयार होता. आपलं नाव मस्टरवर आहे की नाही, ते अपघाताच्या आधी बघा.

आणि थोडं आपल्या घरातही बघू. आमच्या वस्तीतलं बुद्धविहार खाडीजवळ आहे. स्लॅबच्या सळ्या गंजून फुगल्यात, सिमेंटचे पोपडे पडतात. आबांनी एकदा तिथं हातोडी वाजवून दाखवली होती. 'ढब' वाजली. दर चौदा एप्रिलच्या आधी आम्ही वर्गणी काढतो आणि पांढराशुभ्र रंग मारतो. स्लॅबचं काम अजून झालेलं नाही. या वर्षी डीजे नाही, आधी स्लॅब, असा ठराव मी मंडळात मांडलाय. विरोध आहे. मी मागे घेणार नाही.

तर, ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी पाळण्याला घाबरत नाही, ताज्या रंगाला घाबरतो. परवा तुम्ही बसलात त्या बोटीच्या डाव्या हाताचा जोड नुकताच रंगवलेला होता. बाकीचा हात जुना, तेवढीच जागा चमकत होती. कदाचित खाली काहीच नसेल. पण दुसऱ्या दिवशी मी पार्कला पत्र पाठवलंय: त्या जोडाची डायची तपासणी कधी झाली आणि तो रंगवण्याआधी कुणी पाहिला, त्या माणसाचं नाव कळवा. उत्तर आलेलं नाही. या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, रंगकाम करणाऱ्या पोरांना भेटायला. अभ्यासवर्गातलं कुणी येणार असेल तर सकाळी आठ वाजता विहारापाशी या.

जयभीम.